पगाराआधी पैसे लागले तर: सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महिन्याची वीस तारीख उलटल्यावर अडलेल्या माणसाला पैसे द्यायला सोलापुरात खूप जण तयार असतात. मोबाइलमधलं ॲप पाच मिनिटांत देतं, गल्लीतला सावकार संध्याकाळपर्यंत देतो, रोजच्या वसुलीवाला दुकानात आणून देतो. स्वस्त पैसाही याच शहरात आहे, पण तो धावत येत नाही. त्यासाठी पतसंस्थेत सभासद असावं लागतं, गटात बचत असावी लागते, नाहीतर पिग्मी, म्हणजे रोज थोडे थोडे पैसे टाकायची बचत, चालू असावी लागते. पुढचे प्रश्न यंत्रमाग आणि विडी कामगार, फेरीवाले, दुकानात नि कंपनीत कामाला असलेली मंडळी नेहमी विचारतात ते आहेत. व्याजाचे दर संस्थेनुसार आणि काळानुसार बदलतात, म्हणून सही करण्याआधी त्या दिवसाचा दर विचारून घ्या.

पे-डे लोन म्हणजे काय? ते आपल्याकडे असतं का?

पुढच्या पगारावर फेडायचं म्हणून घेतलेलं छोटं, थोड्या दिवसांचं कर्ज. हा धंदा अमेरिकेत फोफावला. तिथे १०० डॉलरला दोन आठवड्यांचे १५ डॉलर असा दर सर्रास असतो. ऐकायला १५ टक्के, पण वर्षाच्या हिशेबात तो ३९० टक्क्यांच्या वर जातो. ब्रिटनने जानेवारी २०१५ पासून अशा कर्जाला लगाम घातला: व्याज आणि फी मिळून दिवसाला ०.८ टक्क्याहून जास्त नाही, आणि व्याज, फी, दंड सगळं धरून मूळ रकमेइतकंच.

आपल्याकडे या नावाची पाटी कुठे दिसत नाही, पण तेच काम तीन प्रकारांनी चालतं. मोबाइल ॲपचं सात ते तीस दिवसांचं कर्ज, सावकाराचे महिन्याच्या टक्क्याने दिलेले हातउसने, आणि रोजच्या वसुलीचं कर्ज.

ॲपवाला पाच हजारांना पंधराशे कापतो, सावकार महिन्याला दहा टक्के घेतो. महाग कोण?

दोघेही, पण ॲप किती महाग ते बहुतेकांच्या लक्षात येत नाही. समजा, कर्ज ५,००० चं. प्रोसेसिंग फी वगैरे नावाने १,५०० आधीच कापले आणि खात्यात ३,५०० आले. सात दिवसांनी ५,००० भरायचे. म्हणजे ३,५०० रुपये आठवडाभर वापरायला १,५०० मोजले. वर्षाचा दर काढला तर तो २,२०० टक्क्यांच्या पुढे जातो. हेच ३,५०० सावकाराने महिन्याच्या दहा टक्क्यांनी दिले, तर पूर्ण महिन्याचे ३५० होतात. पतसंस्थेकडून वर्षाला १४ टक्क्यांनी घेतले असते, तर त्या आठवड्याचं व्याज साधारण साडेनऊ रुपये.

खरा घात मात्र सातव्या दिवशी होतो. ५,००० जमत नाहीत, म्हणून दुसरं ॲप उघडलं जातं, आणि त्याचेही १,५०० आधीच कापले जातात.

आता सावकाराचं जरा लांबवर बघू. २०,००० घेतले, दहा टक्क्यांनी. महिन्याला २,००० नुसतं व्याज. वर्षभर न चुकता भरलं तर २४,००० गेले, आणि मुद्दल २०,००० जसंच्या तसं डोक्यावर. पतसंस्थेत तेच २०,००० वर्षाला १४ टक्के घटत्या शिलकीवर, म्हणजे फक्त उरलेल्या मुद्दलावर व्याज धरून, घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे १,८०० चा, म्हणजे सावकाराच्या नुसत्या व्याजापेक्षाही कमी. बारा हप्त्यांत कर्ज संपतं आणि एकूण व्याज १,५५० च्या आसपास जातं. हा हिशेब घरातल्या प्रत्येकाला एकदा कागदावर करून दाखवावा, असं मला मनापासून वाटतं. तोंडी सांगितलं तर कुणाचाच विश्वास बसत नाही.

रोज शंभर रुपये द्यायचे, ते जाणवतही नाहीत. मग रोजच्या वसुलीत वाईट काय?

हातात ८,५०० मिळतात आणि शंभर दिवस रोज १०० भरायचे, असा हा व्यवहार असतो. पंधराशेच जास्त गेले असं वाटतं. पण पैसे रोज परत जात असतात, पहिल्या दिवसापासून. पूर्ण ८,५०० तुमच्याकडे शंभर दिवस राहतच नाहीत. नीट मांडलं तर दर वर्षाला साधारण १२० टक्के पडतो, म्हणजे महिन्याला दहा टक्केच. मंगळवार बाजारात भाजी विकणाऱ्या बाईला रोज शंभर काढणं सोपं जातं हे खरं आहे. तेच शंभर किंवा निदान पन्नास पिग्मीत टाकता आले तर काय होतं, ते पुढे आलंच आहे.

दोन ठिकाणी व्याज 'बारा टक्के'च सांगितलं, पण हप्ता वेगळा. असं कसं?

एकाने फ्लॅट सांगितलं, दुसऱ्याने घटत्या शिलकीवर. २०,००० वर १२ टक्के फ्लॅट म्हणजे वर्षाचं व्याज २,४०० सरळ, मुद्दल निम्मं फिटलं तरी व्याज पूर्ण रकमेवर. घटत्या शिलकीच्या भाषेत तो दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास असतो. काउंटरवर एकच प्रश्न विचारा: “माझ्या हातात किती येणार आणि शेवटच्या हप्त्यापर्यंत मी एकूण किती भरणार?” बँका आणि नोंदणीकृत फायनान्स कंपन्यांना १ ऑक्टोबर २०२४ पासून सगळ्या किरकोळ कर्जांसाठी 'की फॅक्ट स्टेटमेंट' हा कागद द्यावाच लागतो. सगळी फी धरून पडणारा वर्षाचा दर त्यावर एपीआर म्हणून लिहिलेला असतो. हा कागद मिळेपर्यंत सही करू नका.

ॲप खरं की खोटं, कसं ओळखायचं?

ॲप स्वतः कर्ज देत नाही. त्याच्या मागे रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली बँक किंवा फायनान्स कंपनी असावी लागते आणि तिचं नाव ॲपमध्ये स्पष्ट लिहिलेलं असावं लागतं. नाव सापडलं नाही तर तिथेच थांबा. नोंदणीकृत संस्थांशी जोडलेल्या ॲपची यादी रिझर्व्ह बँकेने जुलै २०२५ पासून आपल्या संकेतस्थळावर ठेवली आहे, तिथे नाव ताडून बघा. ॲपच्या जाहिरातीत 'आरबीआय मान्यताप्राप्त' लिहिलेलं असतं, त्याला काही अर्थ नाही.

बाकीचे नियमही माहीत असू द्या. पैसे संस्थेच्या खात्यातून थेट तुमच्या खात्यात यायला हवेत आणि परतफेडही थेट संस्थेच्या खात्यात व्हायला हवी, कुणा एजंटच्या यूपीआयवर नाही. ॲपला तुमच्या फोनमधले संपर्क, फोटो, कॉलची यादी बघता येत नाही. कॅमेरा किंवा ठिकाण फक्त ओळख पटवण्यापुरतं, एकदा, तेही तुम्ही हो म्हटल्यावर. मन बदललं तर मुद्दल आणि वापरलेल्या दिवसांचं व्याज देऊन बाहेर पडायला किमान एक दिवसाची मुभा द्यावी लागते. पहिली प्रोसेसिंग फी मात्र कापली जाऊ शकते, ती किती हे आधी कागदावर दिसलं पाहिजे. संपर्क बघण्याची परवानगी मागणारं ॲप काढून टाका. पुढे ते कर्ज कशाच्या जोरावर वसूल करणार आहे, ते त्याने पहिल्याच स्क्रीनवर सांगितलेलं असतं.

मी कर्ज मागितलंच नव्हतं, तरी खात्यात पैसे आले.

वापरू नका. फोनवर कुणी सांगेल त्या नंबरवर परतही पाठवू नका. आपल्या बँकेत लेखी कळवा, पोच घ्या, आणि १९३० या सायबर गुन्ह्यांच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा.

ॲपवाले नातेवाइकांना फोन करतात, फोटो बिघडवून पाठवायची धमकी देतात. काय करावं?

पहिली गोष्ट, घरात सांगा. या लोकांचा सगळा धंदा तुमच्या लाजेवर चालतो. एकदा भाऊ, बायको, शेजारी यांना माहीत झालं की त्यांच्या हातात फारसं काही उरत नाही. दुसरी, धमकीला घाबरून पैसे पाठवू नका, एकदा पाठवले की मागणी वाढते. मेसेज, नंबर, पैसे पाठवलेल्या नोंदी यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि मगच ॲप काढा. मग १९३० वर फोन करा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंद करा, आणि शहर पोलिसांच्या सायबर विभागाकडे लेखी तक्रार द्या. कर्ज खरंच घेतलं होतं, म्हणून आपल्याला तक्रारीचा हक्क नाही असं समजू नका. कर्ज ही दिवाणी बाब आहे, धमकी आणि बदनामी हा गुन्हा आहे.

कर्ज नोंदणीकृत संस्थेचं असेल, तर वसुलीवाल्याने सकाळी ८ च्या आत आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नसतो. लहान गटकर्जात म्हणजे मायक्रोफायनान्समध्ये ही वेळ ९ ते ६ आहे. घरच्यांना, मित्रांना त्रास देणं दोन्हीकडे बंद आहे. आधी संस्थेच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

आणि या सगळ्याने जीव नकोसा वाटत असेल, तर १४४१६ वर फोन करा. टेली-मानस ही सरकारी, मोफत, रात्रंदिवस चालणारी सेवा आहे, मराठीत बोलता येतं. पैशाचा प्रश्न सुटतो. आधी माणूस जगला पाहिजे.

सावकाराला किती व्याज घेता येतं?

२०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाप्रमाणे परवाना असल्याशिवाय सावकारी करताच येत नाही. परवानाधारकासाठी शासनाने ठरवलेले वर्षाचे दर असे: शेतकऱ्याला तारण असेल तर ९ टक्के, विनातारण १२. बाकीच्यांना तारण असेल तर १५, विनातारण १८. हे दर वर्षाचे आहेत, महिन्याचे नाहीत. म्हणजे शहरातल्या कामगाराकडून विनातारण कर्जावर महिन्याला दीड टक्क्याच्या वर घेता येत नाही. व्याजावर व्याज लावता येत नाही. एकूण व्याज मुद्दलाच्या वर जाऊ शकत नाही, ज्याला जुनी माणसं दामदुपट म्हणतात. पावती द्यावी लागते, खात्याचा उतारा द्यावा लागतो.

परवान्याशिवाय सावकारी केली तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ५०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तक्रार सहकार खात्याकडे, म्हणजे सोलापूरच्या जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात करायची. व्याजापोटी जागा किंवा घर लिहून घेतलं असेल तर ते परत मिळवण्याची तरतूदही याच कायद्यात आहे. दमदाटी होत असेल तर पोलीस ठाण्यातही जा. पैसे कसे दिले, कधी दिले, कोणासमोर, कोणत्या यूपीआयवरून, हे सगळं आठवेल तेवढं तारखेनिशी लिहून काढा. तपासात याचाच उपयोग होतो.

कोरा चेक आणि कोरा स्टँप मागतात. द्यावा का?

नाही. रक्कम न लिहिलेली कागदपत्रं घेणं परवानाधारक सावकारालाही चालत नाही. कोऱ्या चेकवर २०,००० च्या कर्जाचे दोन लाख लिहून बँकेत टाकले की चेक न वटल्याचा खटला तुमच्यावर लागतो. एटीएम कार्ड आणि पासबुक गहाण ठेवण्याची रीत काही ठिकाणी आहे, तीही सोडा.

मग पतसंस्थेतून कर्ज कसं मिळतं?

सोलापुरात पतसंस्था दोन प्रकारच्या आढळतात. एक पगारदारांच्या: शिक्षक, महापालिका, जिल्हा परिषद, एसटी वगैरे. तुमच्या खात्याची किंवा कंपनीची अशी संस्था असेल आणि तुम्ही अजून सभासद नसाल, तर हा मजकूर इथेच सोडून आधी तो अर्ज भरा. हप्ता पगारातून कापला जातो, म्हणून संस्थेला धोका कमी आणि व्याजही कमी. तातडीच्या गरजेसाठी बऱ्याच संस्थांत 'आकस्मिक कर्ज' असतं, छोटं आणि लवकर मिळणारं. ते वेगळं विचारा, नाहीतर लिपिक मोठ्या कर्जाचाच फॉर्म देतो.

दुसऱ्या नागरी किंवा बिगरशेती पतसंस्था, पेठापेठांत असलेल्या. तिथे कुणालाही सभासद होता येतं. शेअरची रक्कम, प्रवेश फी, आधार, पॅन, फोटो लागतात. कर्जाला साधारण दोन जामीनदार मागतात. व्याज संस्थेनुसार १२ ते १६ टक्क्यांच्या घरात दिसतं. तीन गोष्टी आधी विचारा: कर्जातून शेअरपोटी किती कापणार, विम्याच्या नावाने किती, आणि मुदतीआधी फेडलं तर काय. शेअरची कापलेली रक्कम तुमचीच असते आणि सभासदत्व सोडताना परत मिळते. विम्याची नाही.

एक सावधगिरी. पतसंस्थेतून कर्ज घ्यायला बिनधास्त जा, पण आयुष्यभराची ठेव तिथे टाकताना विचार करा. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो.

माझ्याकडे पगारपत्रक नाही, जामीनदारही नाही.

पिग्मी सुरू करा. एजंट दुकानात, घरी येऊन रोजचे पैसे नेतो. रोज ५० टाकले तर वर्षाला १८,२५० होतात. काही महिने नीट चालल्यावर त्याच शिलकीवर कर्ज मिळतं, जामीनदाराशिवाय. एजंटच्या डायरीवर विसंबू नका, रोजची नोंद मशीनच्या पावतीत किंवा मोबाइलच्या मेसेजमध्ये आली पाहिजे, आणि महिन्यातून एकदा शाखेत जाऊन शिल्लक तपासा. मुदतीआधी पिग्मी मोडली तर पैसे कापतात. म्हणून मोडण्यापेक्षा तिच्यावर कर्ज काढणं बहुतेक वेळा परवडतं.

सोनं ठेवून पैसे घ्यावेत का? बायको नको म्हणते.

त्यांची काळजी रास्त आहे. पण मंगळसूत्र विकण्यापेक्षा, आणि सावकाराकडे जाण्यापेक्षा, बँकेतलं सोनेतारण कर्ज कितीतरी बरं. तासाभरात होतं, सिबिल, म्हणजे आधीची कर्जं कशी फेडली त्याची नोंद, फारसं बघत नाहीत. मोठ्या सरकारी बँका आणि सहकारी बँकांत दर साधारणपणे खासगी सोनेतारण कंपन्यांपेक्षा कमी असतो, म्हणून जाहिरातीतल्या कंपनीत जाण्याआधी आपल्या बँकेत विचारा. १० टक्क्यांनी २०,००० सहा महिने वापरले तर व्याज हजार रुपये.

रिझर्व्ह बँकेच्या १ एप्रिल २०२६ पासूनच्या नियमांत अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत मिळू शकतात. त्यांतच आणखी एक चांगली तरतूद आहे: कर्ज फिटल्यावर सात कामाच्या दिवसांत दागिना परत दिला नाही, तर संस्थेने उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५,००० रुपये द्यायचे. वजन तुमच्यासमोर व्हावं आणि दागिन्याचं वर्णन, निव्वळ वजन, कॅरेट पावतीवर यावं.

सराफाकडे गहाण ठेवत असाल तर त्याच्याकडे सावकारीचा परवाना आहे का ते बघा. वरचे १५ टक्के त्यालाही लागू आहेत.

बचत गटाचं कर्ज आणि 'गटाचं' फायनान्स, दोन्ही एकच का?

नाही, आणि नीलम नगर, विडी घरकुलाच्या बाजूला हा घोटाळा फार होतो. बचत गट तुमचा स्वतःचा असतो. दरमहा बचत, त्यातून आपसात कर्ज, आणि व्याज गटातच राहतं. दोन टक्के महिना ठरवलं तरी वर्षअखेरीला ते तुमच्याच वाट्याला येतं. गट नियमित चालला की बँक गटाला विनातारण कर्ज देते, महिला आर्थिक विकास महामंडळ आणि महापालिकेकडून गट बांधायला मदत मिळते.

मायक्रोफायनान्स कंपनी पाच-दहा बायकांना एकत्र बसवते, म्हणून तिलाही गट म्हणतात. पण कर्ज कंपनीचं, व्याज कंपनीचं, दर अनेकदा वीस टक्क्यांच्या वर. सावकारापेक्षा ते स्वस्त आहे, हे मान्य करायलाच हवं. नियम मात्र लक्षात ठेवा: वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबालाच हे कर्ज, तारण नाही, मुदतीआधी फेडल्यास दंड नाही, आणि घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. एजंट उत्पन्न फुगवून लिहितो, तेव्हा गप्प बसू नका.

शेजारणीसाठी आपल्या नावावर कर्ज उचलू नका, अक्का. ती कितीही जवळची असली तरी.

मी हातगाडी लावतो. पीएम स्वनिधी अजून चालू आहे का?

फेरीवाल्यांसाठीची ही सरकारी कर्ज योजना चालू आहे, मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत वाढवली आहे. पहिलं कर्ज १५,००० पर्यंत, ते फेडलं की २५,०००, मग ५०,०००. तारण नाही. वेळेवर हप्ते भरले तर ७ टक्के व्याज अनुदान खात्यात परत येतं. म्हणून पहिलं कर्ज काही करून वेळेत फेडा. अर्ज बँकेत किंवा महापालिकेमार्फत होतो.

कुंभारीच्या रे नगरात राहायला गेलेले बरेच जण विचारतात, आम्ही हद्दीबाहेर गेलो, आता मिळेल का? राहता कुठे यापेक्षा विक्री कुठे करता हे महत्त्वाचं. महापालिका हद्दीत येऊन धंदा करणारे आसपासच्या गावांतले विक्रेतेही योजनेत बसतात. विक्रेता प्रमाणपत्र किंवा महापालिकेचं शिफारसपत्र मात्र लागेल.

मालकाकडून उचल घेतली तर?

बिनव्याजी असेल आणि हप्ते ठरलेले असतील तर सगळ्यात स्वस्त. दोन ओळी का होईना, लिहून घ्या: किती घेतले, दर आठवड्याला किती कापायचे. वेतन संहितेप्रमाणे सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त होऊ नयेत. उचल फिटेपर्यंत दुसऱ्या कारखान्यात जायचं नाही, असं कुणी बांधून घालत असेल तर ते १९७६ च्या वेठबिगार पद्धत निर्मूलन कायद्याच्या कचाट्यात येऊ शकतं. आणि पगारच उशिरा होत असेल, तर त्या तारखेबद्दल बोला. महिन्याचा पगार महिना संपल्यापासून सात दिवसांत झाला पाहिजे. तो पंधरा तारखेला होतो म्हणून तुम्हाला कर्ज काढावं लागत असेल, तर व्याज तुम्ही मालकाच्या चुकीचं भरताय.

पीएफमधून पैसे काढता येतात का? विडी कामगारांना?

येतात. पीएफ यंत्रमाग कारखान्यांना आहे तसा विडी कामगारांनाही लागू आहे, आणि पीएफचं कार्यालय सोलापुरातच आहे. आजारपण, लग्न, शिक्षण, घर अशा कारणांसाठी काही भाग काढता येतो. हे कर्ज नाही, तुमचेच पैसे आहेत, व्याज नाही. अडचण बहुतेक वेळा वेगळीच असते: आधारवरचं आणि पीएफवरचं नाव जुळत नाही. तेलुगू आडनावांचं इंग्रजी लेखन दोन कागदांवर दोन तऱ्हेचं असणं आपल्याकडे रोजचं आहे. ही दुरुस्ती आजारपणाच्या आधी करून ठेवा. म्हातारपणाची शिदोरी आहे ती, म्हणून महिनाअखेरच्या चणचणीला तिला हात लावू नका, दवाखान्याला मात्र लावा.

आणखी कुठे स्वस्त पैसे अडकून पडलेले असतात?

पोस्टातल्या आरडीत, म्हणजे दरमहा ठरलेली रक्कम भरायच्या ठेवीत. बारा हप्ते भरून झाले की शिलकीच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं, आरडीच्या दरापेक्षा फक्त दोन टक्के जास्त व्याजाने. एलआयसीच्या जुन्या पॉलिसीवर कर्ज मिळतं. बँकेच्या मुदत ठेवीवर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे खात्यात आहेत त्यापेक्षा जास्त पैसे काढायची सोय, मिळतो. जनधन खातं नीट चालवलेलं असेल तर घरातल्या एकाला १०,००० पर्यंत ओव्हरड्राफ्टची सोय आहे, त्यातले २,००० फारशा अटींशिवाय. बँकेत कुणी आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं.

दवाखान्यासाठी तातडीने पैसे हवेत.

कर्ज शोधण्याआधी दवाखान्यातल्या 'आरोग्यमित्रा'ला भेटा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार रोख न भरता होतात, ठरलेल्या आजारांसाठी आणि योजनेतल्या रुग्णालयांत. रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा. छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल, आहेच. पगारातून ईएसआय, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचा हप्ता, कापला जात असेल तर त्याचं कार्ड काढा, कित्येक कामगारांना आपला ईएसआय आहे हेच माहीत नसतं. मोठ्या उपचारासाठी मुख्यमंत्री सहायता निधीत अर्ज करता येतो. एवढं सगळं पाहून जे कमी पडेल, तेवढंच कर्ज काढा.

भिशी?

ओळखीच्या दहा-बारा जणांची, चिठ्ठीची, व्याज नसलेली भिशी चांगलीच. बोलीची भिशी वेगळी: अडलेला माणूस जास्त तोटा सोसून रक्कम उचलतो, म्हणजे ते कर्जच झालं. असा मोठा व्यवहार चिटफंड कायद्याखाली येतो आणि त्याला नोंदणी लागते. चालवणारा पळाला तर कागद कुठला दाखवणार?

सिबिल खराब आहे, कुणी दारात उभं करत नाही.

आधी खरंच खराब आहे का ते बघा. सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. न घेतलेलं किंवा फेडलेलं कर्ज चालू दिसत असेल तर तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या दर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा नियम आहे. पैसे घेऊन 'सिबिल वाढवून देतो' म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. सोनेतारण, पिग्मीवरचं कर्ज, बचत गट या वाटा सिबिल नसतानाही मोकळ्या असतात.

मित्राला जामीन राहू का?

तो हप्ते भरणार नाही आणि ते तुम्ही भरणार आहात, असं धरून विचार करा. तेवढी ताकद असेल तर राहा. कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, संस्था थेट तुमच्या पगारावर येऊ शकते.

माझं आधीच चार ठिकाणी देणं झालंय. आता कुठून सुरू करू?

एका कागदावर सगळी देणी लिहा: कोणाचं, मूळ किती घेतलं, आजवर किती भरलं, आता किती मागतात, महिन्याला किती जातात. घरातल्या माणसाला सोबत बसवा. नवीन ॲप आजपासून बंद.

मग महागातलं आधी मिटवा. बहुतेकांच्या बाबतीत ते ॲप किंवा रोजची वसुली असते. एक सोनेतारण किंवा पतसंस्थेचं कर्ज काढून दोन-तीन महाग कर्जं एकदम बंद करता आली, तर जरूर करा. अट एकच, बंद केलेलं परत उघडायचं नाही. प्रत्येक ठिकाणाहून 'बाकी नाही' असा दाखला घ्या.

सावकाराला आजवर दिलेलं व्याज मुद्दलाच्या वर गेलं असेल, तर पुढचं व्याज त्याला कायद्याने मागता येत नाही. एकट्याने वाद घालायला जाऊ नका. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, औद्योगिक कामगार यांना तिथे मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. फोन १५१००. बँक किंवा फायनान्सचा हप्ता थकला असेल तर लोकअदालतीत तडजोड होते, आणि त्याआधीही शाखेत लेखी अर्ज देऊन हप्ता लहान करून मागता येतो. १ एप्रिल २०२४ पासून थकलेल्या हप्त्यावर दंडव्याज लावता येत नाही, फक्त ठरलेला दंड घेता येतो आणि त्या दंडावर पुन्हा व्याज चढत नाही. उताऱ्यात तसं दिसलं तर दाखवून द्या.

सध्या अडचण नाही. पण जूनमध्ये शाळा सुरू झाली की दरवर्षी अडतं.

मग हीच वेळ आहे. जूनमधली फी, दिवाळी, जानेवारीतली गड्ड्याची जत्रा, या खर्चांच्या तारखा ठरलेल्या असतात. या आठवड्यात एका पतसंस्थेत सभासद व्हा, कर्ज नको असलं तरी. रोज झेपेल तेवढी पिग्मी चालू करा. पीएफ आणि आधारमधली नावं जुळवून घ्या. घरातल्या बाईंनी एखाद्या चालू बचत गटात जायचं बघा, नवा गट उभा राहायला वेळ लागतो. दिवाळीच्या बोनसातला थोडा भाग पोस्टाच्या आरडीच्या पहिल्या हप्त्यांसाठी बाजूला काढा. आणि शाळेच्या कार्यालयात मे महिन्यातच जाऊन फीचे हप्ते मागा, लेखी अर्जाने. जूनच्या पहिल्या आठवड्यात तिथे रांग असते आणि कुणाला ऐकून घ्यायला वेळ नसतो.